धोका कसा मोजावा?

रायगड जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी

आपल्या जिल्ह्यात शाळा आणि पाऊस एकाच सुमारास येतात. मृग नक्षत्र लागून आठवडा लोटतो न लोटतो तोच नव्या वर्षाचे हजेरीपत्रक उघडले जाते, आणि पहिलीच्या वर्गात बसलेल्या बालकाला पहिली अक्षरे कौलांवर वाजणाऱ्या पावसाच्या साथीने शिकविली जातात. जून ते सप्टेंबर हा काळ शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा. परंतु नद्यांना पूर येण्याचा, डोंगराच्या दरडी सुटण्याचा आणि खाडीचे पाणी बांध ओलांडून शेतात शिरण्याचा काळही तोच होय. यास्तव नैसर्गिक आपत्तीचा विचार हा महसूल खात्याचा किंवा पोलीस पाटलांचा विषय आहे, शिक्षकाचा नव्हे, असे म्हणून आपणांस चालणार नाही. वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस गावातील बहुतेक सर्व मुले ज्याच्या हाती असतात, त्याला गावावरील धोक्याची नीट पारख असणे अगत्याचे आहे.

ही पारख कशी करावी, तिची रीत कोणती आणि तीत चुका कोठे होतात, हे आपल्याच जिल्ह्यातील अनुभवांच्या आधारे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संकट आणि धोका

व्यवहारात आपण ‘संकट’ व ‘धोका’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. मोजणीच्या कामी मात्र त्यांतील भेद स्पष्ट असला पाहिजे. अतिवृष्टी, वादळ, दरड, भूकंप या निसर्गातील घटना होत. निर्जन रानात कडा कोसळला तर ती केवळ भूगर्भशास्त्राच्या नोंदवहीतील घटना ठरते. तोच कडा वाडीवर कोसळला तर घरे गाडली जातात. कडा तोच, पाऊस तोच. फरक पडला तो त्याच्या वाटेत माणसे होती की नव्हती एवढ्याने.

म्हणून धोक्याचे तीन घटक मानावेत. पहिला घटक म्हणजे संकट : ते किती वेळा येते आणि किती जोराने येते. दुसरा घटक म्हणजे त्याच्या वाटेत येणारी माणसे, घरे, गुरे, शेते, विहिरी आणि रस्ते. तिसरा घटक म्हणजे दुबळेपणा : वाटेत असलेल्यांपैकी कोण तग धरील आणि कोण धरणार नाही.

तिसऱ्या घटकाचे महत्त्व ३ जून २०२० रोजी आपल्या किनाऱ्याने अनुभवले. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा श्रीवर्धन, मुरूड व म्हसळा या भागांवरून गेला. वारा सर्वांवर सारखाच आला, परंतु हानी सारखी झाली नाही. सिमेंटच्या स्लॅबची घरे बहुतांशी उभी राहिली, तर पत्र्याची व कौलांची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. छप्पर पुन्हा घालता येते. परंतु सुपारीचे झाड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात, आणि ज्या कुटुंबाचा चरितार्थ त्या वाडीवरच होता, त्याची हानी घराच्या मोजमापात मावत नाही. धोका मोजताना केवळ जीव आणि भिंती मोजून भागत नाही, पोटापाण्याचे साधनही मोजावे लागते, हा त्या वादळाचा धडा आहे.

२. आपल्या जिल्ह्याची घडण

पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस अरबी समुद्र आणि या दोहोंमध्ये डोंगर, दऱ्या व खाड्या यांनी कापलेली अरुंद पट्टी, अशी रायगड जिल्ह्याची रचना आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या घाटातून उतरतात आणि थोड्याच अंतरात खाडीला मिळतात. देशावरील नद्यांप्रमाणे त्यांना पसरण्यास शेकडो कोसांचे मैदान लाभलेले नाही. घाटमाथ्यावर सकाळी झालेली वृष्टी संध्याकाळपर्यंत खालच्या बाजारपेठेत पोहोचू शकते.

याचे ठळक उदाहरण महाडचे. सावित्री महाबळेश्वरास, म्हणजे समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंचीवर, उगम पावते. महाड मात्र समुद्रसपाटीहून थोड्याच उंचीवर वसले आहे. गांधारी व काळ या नद्यांचे पाणीही याच परिसरात सावित्रीला येऊन मिळते. उलट दिशेने बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. एकेकाळी याच भरतीच्या आधाराने लहान गलबते महाडपर्यंत येत असत. ज्या पाण्याने गावाला व्यापार दिला, तेच पाणी अतिवृष्टीच्या दिवशी नदीच्या मुखाशी आडवे उभे राहते आणि वरून आलेल्या पुराला समुद्राकडे जाऊ देत नाही. महाडला जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये असा पूर आला. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी गुरुपौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाची भरती जवळ होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. आपले कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीस सुमारे सहा वाजता. पौर्णिमा व अमावास्येस दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. हे गणित अदमासाचे आहे, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. तथापि त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते : आपल्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाची भरती नेहमी दुपारी व मध्यरात्री येते, म्हणजे एक शाळा भरलेली असताना आणि दुसरी गाव झोपलेले असताना. चौथीच्या मुलांना अपूर्णांकांचा गुणाकार शिकविण्यास याहून अधिक जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

३. सूचनेचा अवधी

आपल्याकडील मुख्य संकटांची तुलना करताना ती किती भयंकर आहेत एवढेच पाहू नये. ती येण्यापूर्वी आपल्या हाती किती वेळ असतो, हेही पाहावे.

चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाल्यापासून भारतीय हवामान खाते त्याची वाटचाल सांगत असते. आपला किनारा पूर्वेकडील किनाऱ्याच्या मानाने वादळांपासून सुरक्षित आहे, ही समजूत मात्र आता सोडून द्यावयास हवी. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर गेलेले ‘तौक्ते’ ही वादळे आपण पाहिली. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले असून अलीकडच्या दशकांत तेथील चक्रीवादळांची संख्या व त्यांचा टिकण्याचा काळ वाढला असल्याचे अभ्यासकांस आढळून आले आहे.

पुराची सूचना काही तासांची असते. वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला, नदीची पातळी किती वाढली आणि भरती केव्हा आहे, या तीन गोष्टी ठाऊक असल्यास गावाला सामान माळ्यावर चढविण्यास आणि माणसांना उंच जागी नेण्यास बहुधा वेळ मिळतो.

दरडीची गोष्ट निराळी. डोंगर सुटण्यास आरंभ झाला की पळण्यास काही क्षणच मिळतात, आणि रात्री तेवढेही नाहीत. त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. वरचा काळा दगड उन्हापावसाने कुजून त्याची माती होते व ती उतारावर साचून राहते. पहिल्या पावसाचे पाणी ही माती पिऊन टाकते. दीड महिना ती पाणी पीत राहते, जड होत जाते, आणि तिच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढून त्यांची परस्परांवरील पकड सैल होते. खालचा दगड घट्ट असल्याने पाणी दोहोंच्या सांध्यावर साठते. मग एखाद्या दिवसाच्या मुसळधार पावसाचे निमित्त पुरते. वाटेसाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा तोडला असेल, अथवा मुळांनी माती धरून ठेवणारी झाडे गेली असतील, तर हे काम अधिकच सोपे होते.

आता पुढील तारखा पाहाव्यात. २५ जुलै २००५ च्या सुमारास महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी असेच गेले. चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातील, आणि हा निव्वळ योगायोग नव्हे. तोवर डोंगराची माती पाण्याने तुडुंब झालेली असते. इतर महिने निर्धास्त आहेत असा याचा अर्थ नाही. परंतु जूनमधील एका दिवसाच्या पावसापेक्षा जुलैअखेरीचा तितकाच पाऊस उतारावरील वाडीला अधिक घातक असतो, हे प्रत्येक शिक्षकाने मनात पक्के धरावे.

यातून एक नियम निघतो. ज्या संकटाची सूचना मिळते त्याचा निर्णय सूचना मिळाल्यावर घेता येतो. ज्याची सूचना मिळत नाही त्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो. डोंगरपायथ्याच्या वाडीने ‘किती पाऊस झाला म्हणजे, कोणी, कोठे जावयाचे’ हे जून महिन्यातच ठरवून ठेवले पाहिजे, आणि जावयाचे ते दिवस मावळण्यापूर्वी.

भूकंप व त्सुनामी यांचा उल्लेख येथे थोडक्यात करणे पुरे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणात सर्वत्र जाणवला होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. ही संकटे विरळा आहेत, परंतु नाहीत असे नाही. समुद्र अकस्मात नेहमीपेक्षा फार मागे हटला तर शिंपले वेचण्यास पुढे न धावता उंचावर पळावे, एवढे किनाऱ्यावरील प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

४. यादीत नसलेली वाडी

इर्शाळगडाच्या पायथ्याशी डोंगराच्या खांद्यावर वसलेल्या इर्शाळवाडीत सुमारे सव्वादोनशे ठाकर बांधवांची वस्ती होती. तेथे मोटारीचा रस्ता नव्हता. खालून वर जाण्यास तासा-दीड तासाची चढण होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा उतार सुटला. मदतीला गेलेल्या माणसांना पाऊस, चिखल व अंधार यांतून पायी चढावे लागले, आणि यंत्रे वर नेता येईनात म्हणून कुदळ-फावड्यांनी काम करावे लागले. शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. आश्रमशाळांत राहून शिकणारी काही मुले त्या रात्री वाडीवर नव्हती म्हणून वाचली, परंतु त्यांच्यापैकी कित्येकांना परत जाण्यास घर उरले नाही.

दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी शासनाजवळ होती. तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. या एका गोष्टीचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

यादी करणाऱ्यांस दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. याद्या आणि नकाशे ही अत्यंत उपयुक्त साधने आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे नकाशे उताराची तीव्रता, खडकाचा प्रकार, मातीची जाडी व पूर्वीच्या दरडी यांवरून कोणता पट्टा कमकुवत आहे ते सांगतात. परंतु नकाशाच्या प्रमाणात एक वाडी म्हणजे एक टिंब असते, आणि कधी तेवढेही नसते. त्या टिंबाच्या वर यंदा पडलेली भेग नकाशात दिसत नाही. ती दिसते सरपणासाठी किंवा गुरांमागे वर जाणाऱ्या माणसाला. यादीत नाव असणे ही सावध राहण्याची आज्ञा होय. यादीत नाव नसणे हा मात्र निर्धास्त राहण्याचा परवाना नव्हे.

दुसरी चूक याच्या उलट बाजूने होते. ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून येथे काही झालेले नाही,’ असे वृद्ध माणसे सांगतात आणि ते खरेच असते. पुराच्या बाबतीत गावाची स्मृती उत्तम मार्गदर्शक ठरते, कारण पूर पुनःपुन्हा येतो आणि भिंतीवर आपली रेषा ठेवून जातो. दरडीच्या बाबतीत ती फसवते. एकच उतार पिढ्यान् पिढ्या स्थिर राहतो आणि एकदाच सुटतो, आणि ज्यांनी तो सुटताना पाहिला ते बहुधा सांगावयास उरत नाहीत. म्हणून पुराविषयी माणसांना विचारावे आणि दरडीविषयी डोंगराला विचारावे. जमिनीत नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नव्या जागी पाणी फुटणे अथवा जुना झरा अचानक आटणे, घराची दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, ही डोंगराची उत्तरे होत.

५. मोजणीची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. त्यासाठी एक वही, गावाचा हाताने काढलेला नकाशा आणि चार-पाच संध्याकाळी एवढे पुरे आहे.

पहिल्या संध्याकाळी गावातील वडीलधारी माणसे, महिला, गुराखी आणि खाडीवर जाणारे कोळी यांच्याशी बसावे. कोणत्या वर्षी काय झाले, पाणी कोठवर आले, कोणते झाड पडले, किती दिवस वाट बंद होती, हे लिहून घ्यावे. ज्या वर्षाचा आकडा आठवत नाही ते ‘अमक्याच्या लग्नाच्या वर्षी’ असे सांगितले जाईल. तेही लिहावे, मागाहून त्याचा मेळ बसतो.

दुसऱ्या वेळी नकाशावर घरे, शाळा, अंगणवाडी, विहिरी, साकव, बंधारे व खारबंदिस्ती दाखवावी. पुराच्या सर्वांत उंच रेषेखालील भाग निळ्या रंगाने आणि तीव्र उताराच्या पायथ्याचा भाग तांबड्या रंगाने भरावा. रंग भरताच कोण वाटेत आहे ते आपोआप दिसू लागते.

तिसऱ्या वेळी दुबळेपणाची नोंद करावी. एकटी राहणारी वृद्ध माणसे, अंथरुणाला खिळलेले आजारी, दिवस भरत आलेल्या गर्भवती, अपंग मुले, कुडाची घरे, एकच साकव असलेली वस्ती, भ्रमणध्वनीचा संपर्क न मिळणारी वाडी यांचा त्यात समावेश असावा. दुबळेपणा केवळ माणसांत व घरांत असतो असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश काळातील दगडी पूल पुरात कोसळला आणि परिवहन महामंडळाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल रोजच्या वापरातला होता, म्हणूनच त्याच्या वयाचा विचार त्यावरून जाणाऱ्याच्या मनात येत नसे.

याच वेळी गावाचे बळही लिहावे. होडी कोणाकडे आहे, पट्टीचे पोहणारे कोण, पक्के व उंच घर कोणाचे, दोरखंड व कंदील कोठे मिळतील, ही माहिती संकटाच्या रात्री शोधावयास वेळ नसतो.

शेवटी प्रत्येक संकटास दोन अंक द्यावेत. ते येण्याचा संभव विरळा असल्यास एक, अधूनमधून असल्यास दोन, वारंवार असल्यास तीन. हानी थोडी असल्यास एक, मोठी असल्यास दोन, जीव जाण्याजोगी असल्यास तीन. दोन्ही अंकांचा गुणाकार करावा. समजा, एका खाडीकाठच्या गावी पूर वारंवार येतो व मोठे नुकसान करतो. त्याचा गुणाकार तीन दुणे सहा. वादळ अधूनमधून येते व मोठे नुकसान करते, म्हणून चार. त्याच गावाची एक वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथे दरडीचा संभव विरळा, पण हानी जीवघेणी, म्हणून तीन. आकड्यांवरून दरडीचा क्रमांक शेवटचा लागतो. येथेच मोजणाऱ्याने थांबावयाचे आहे. ज्या संकटात हानीचा अंक तीन आहे आणि सूचनेचा अवधी नाही, त्याचा गुणाकार कितीही लहान आला तरी त्याची तजवीज सर्वांत आधी करावी. गुणाकार हा विचाराला मदत करण्यासाठी आहे, विचाराच्या जागी बसविण्यासाठी नव्हे.

६. शाळेची परीक्षा आणि पावसाची नोंद

संकटकाळी गावाला निवारा म्हणून बहुधा शाळाच उघडली जाते. म्हणून इतरांची परीक्षा करण्यापूर्वी शाळेने स्वतःची परीक्षा करावी. इमारत पुराच्या रेषेखाली आहे काय? तिच्या मागे तोडलेला उतार आहे काय? पत्रे व कौले घट्ट आहेत काय? वाऱ्याने पडेल असे झाड छपरावर झुकले आहे काय? दप्तर, प्रवेश-निर्गम नोंदवही व हजेरीपत्रके भिजणार नाहीत अशी उंच जागा आहे काय? ज्या शाळेची या परीक्षेत उणीव आढळेल, तिने ती लेखी कळवावी आणि निवाऱ्यासाठी दुसरी जागा गावकऱ्यांच्या संमतीने आधीच ठरवावी. असुरक्षित निवारा हा निवारा नसण्याहून वाईट, कारण लोक तेथे विश्वासाने येतात.

प्रत्येक शाळेने पावसाचे मापन करावे अशी शिफारस आहे. सरळ भिंतीची व सपाट बुडाची काचेची बरणी झाडे व पागोळ्या यांपासून दूर उघड्यावर ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता तीतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा धरते. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार अशी त्याची वर्गवारी आहे. मुलांना सांगावे की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मग त्यांनाच करू द्यावे : दोनशे मिलिमीटर पाऊस एका हेक्टर उतारावर पडला तर किती पाणी? उत्तर वीस लाख लिटर येते. डोंगराने एका दिवसात काय झेलले, ते या आकड्यावरून मुलांच्या ध्यानात येईल.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे चार रंग मुलांस पाठ असावेत. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांस सहअध्यक्षाचे स्थान दिलेले आहे. शाळेच्या वहीतील नोंद सरपंच, तलाठी व पंचायत समितीमार्फत तेथवर पोहोचविण्यास वाट आहे. ती वाट वापरणे आपले काम आहे.

७. मुलांशी बोलताना

हा विषय शिकविताना भय घालू नये. ज्या वर्गात दरडीत आप्त गमावलेले मूल बसले आहे, तेथे दरडीची चित्रे दाखवून धडा सुरू करणे निर्दयपणाचे होईल. मुलांना काय करावयाचे ते शिकवावे. पाण्यात बुडालेल्या साकवावरून जाऊ नये, वीज कडाडत असता झाडाखाली उभे राहू नये, दप्तरासाठी मागे फिरू नये, धाकट्या भावंडाचा हात सोडू नये, या गोष्टी पुनःपुन्हा, खेळाच्या रूपाने, करवून घ्याव्यात. भय विसरले जाते किंवा मनात रुतून बसते. सवय मात्र वेळेवर उपयोगी पडते.

एक गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. शिक्षकाची बदली होते. पाच-सात वर्षांत त्याने गाव ओळखलेले असते, कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी येते ते त्यास ठाऊक झालेले असते, आणि मग तो आपली माहिती बरोबर घेऊन दुसऱ्या तालुक्यात जातो. नवा शिक्षक पहिल्या पावसात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. म्हणून ही वही शिक्षकाची नसून शाळेची असावी. कार्यभार सोपविताना इतर दप्तराबरोबर तीही सोपविली जावी, आणि नव्या शिक्षकाने सही करून ती स्वीकारावी. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उघडून गावकऱ्यांसमोर वाचावी, गेल्या वर्षी काय बदलले ते तीत लिहावे आणि यंदा कोणत्या घराने कोणत्या दिवशी कोठे जावयाचे ते ठरवावे.

यंदा शाळा उघडतील तेव्हा हजेरीपत्रकाशेजारी ही वही ठेवण्यास आरंभ करावा. जुलैचा उत्तरार्ध तेथून अवघ्या महिन्यावर असतो.